वाचकांचे प्रश्न : उभ्या गाडीची उतरणारी बॅटरी

प्रश्न : गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की स्टार्ट होत नाही, स्टार्टरचा नुसता टकटक आवाज येतो. जंपर केबल लावली की इंजिन लगेच सुरू होते आणि रोज चालवली तर काहीच त्रास नसतो. बॅटरी नवी घातली, तरी तेच. आता अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारे यंत्र) बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. घरी साधा डिजिटल मल्टिमीटर आहे. पैसे घालण्यापूर्वी काय तपासावे?

उत्तर : ‘रोज चालवली तर त्रास नसतो’ हे तुमचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अल्टरनेटर चार्जच करत नसता, तर रोजच्या वापरातही बॅटरी उतरली असती. तरीही अंदाजावर न थांबता आधी मोजून घ्या. गाडी काही तास उभी राहिल्यावर मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर लावा. साध्या लेड-ॲसिड बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग इंजिन सुरू करा. आता १३.८ ते १४.७ च्या दरम्यान आकडा दिसला, तर चार्जिंग ठीक आहे. नव्या गाड्यांमध्ये अल्टरनेटरवर संगणकाचे नियंत्रण असल्याने हा आकडा मधूनच खाली येतो, त्यामुळे एकदाच पाहून निष्कर्ष काढू नये.

हे दोन्ही आकडे योग्य आले, तर गाडी बंद असताना कोणीतरी वीज ओढत आहे असे समजून त्याचा शोध घ्यायचा. बॉनेट उघडे ठेवा, बाकीची दारे लावून घ्या आणि चावी गाडीपासून लांब ठेवा. मीटरची लाल वायर १० अँपियरच्या छिद्रात घाला, मीटर डीसी अँपियरवर घ्या, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा आणि ती केबल व निगेटिव्ह टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडा. सोडवताना निगेटिव्ह आधी आणि जोडताना शेवटी, हा क्रम कधीही मोडू नका. पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर शॉर्ट होऊन ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो. मीटर असा जोडलेला असताना स्टार्टर मारू नका, नाहीतर मीटरचा फ्यूज त्याच क्षणी जाईल. सुरुवातीला आकडा मोठा दिसला तरी घाबरण्याचे कारण नाही, कारण केबल पुन्हा जोडली गेल्याने गाडीतले कंट्रोल युनिट, म्हणजे छोटे संगणक, जागे झालेले असतात आणि ते झोपी जायला काही वेळा अर्धा-पाऊण तास लागतो. ही वाट न पाहिल्यामुळे कित्येक निर्दोष भाग बदलले जातात.

त्यानंतर बहुतेक गाड्यांमध्ये आकडा ०.०५ अँपियरच्या आत असायला हवा. समजा तो ०.५ वर अडकला. ६० अँपियर-तासांच्या बॅटरीतून अशाने दिवसाला १२ अँपियर-तास जातात, म्हणजे अडीच दिवसांत ती निम्मी होते. तुमच्या गाडीची लक्षणे याच हिशोबाशी जुळतात.

आता एकेक फ्यूज उपसत बसण्याची जुनी पद्धत टाळा, कारण फ्यूज परत बसवताना ते युनिट पुन्हा जागे होते. त्याऐवजी मीटर काढून निगेटिव्ह केबल परत जोडा आणि युनिट पुन्हा झोपी जाईपर्यंत थांबा. मग मीटरच्या वायरी पुन्हा व्होल्टच्या छिद्रात घालून मीटर मिलिव्होल्टवर घ्या आणि फ्यूज जागेवरच असताना त्याच्या माथ्यावरच्या दोन उघड्या धातूच्या टोकांवर सुया टेकवा. शून्य आले तर त्या फ्यूजमधून प्रवाह जात नाही. थोडेही मिलिव्होल्ट दिसले तर तीच वाट धरा. डिकीचा न विझणारा दिवा, नंतर बसवलेली म्युझिक सिस्टिम किंवा कॅमेरा आणि चिकटलेला रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) हे नेहमीचे संशयित आहेत. तास-दोन तास उभ्या असलेल्या गाडीत एखादा रिले हाताला कोमट लागला, तर तो आधी पाहा. सगळे फ्यूज शून्य दाखवत असूनही गळती राहिली, तर मात्र अल्टरनेटरचा संशय रास्त ठरतो; चार्जिंग उत्तम असूनही त्यातला खराब डायोड रात्रभर प्रवाह उलटा जाऊ देऊ शकतो.

प्रश्न : इंडिकेटर लावला की त्याच बाजूचा मागचा लाल दिवाही लुकलुकतो आणि दोन्ही मंद असतात. बल्ब बदलून पाहिले. बल्ब काढून होल्डर तपासला तर १२ व्होल्ट पूर्ण येतात.

उत्तर : हा अर्थिंगचा, म्हणजे दिव्यातून बॉडीमार्गे बॅटरीकडे परतणाऱ्या जोडणीचा, दोष असण्याची दाट शक्यता आहे. परतीचा मार्ग तुटला की प्रवाह शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो, म्हणून दोन्ही दिवे एकत्र लुकलुकतात. बल्ब काढून केलेली तपासणी इथे फसवते. मीटर नगण्य प्रवाह घेत असल्याने तुटत आलेल्या वायरच्या एका तारेवरही तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. म्हणून दिवे लागलेले असतानाच मोजा. मीटरची एक सुई होल्डरच्या अर्थच्या टोकाला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. सुस्थितीत हा आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहतो. दोन-तीन व्होल्ट दिसले, तर तेवढे बल्बच्या वाट्यातून गेले. डिकीच्या अस्तरामागे बॉडीला कसलेला अर्थचा स्क्रू शोधा, गंज आणि रंग धातू चमकेपर्यंत घासा, घट्ट कसा आणि वरून व्हॅसलीन लावा. इंजिनची जाड अर्थ पट्टीही अशीच तपासता येते, फक्त ते माप स्टार्टर फिरत असताना घ्यायचे असते.

प्रश्न : एक १० अँपियरचा फ्यूज सतत उडतो. २० चा घातला तर चालेल का?

उत्तर : मुळीच नाही. फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो. मोठा घातला तर फ्यूजऐवजी वायर जळेल आणि गाडीला आग लागू शकते. त्या सर्किटवरची सर्व उपकरणे काढून फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडा. तो प्रखर पेटला, तर वायर कुठेतरी बॉडीला टेकते आहे. मग वायरिंग थोडे थोडे हलवत जा. जिथे हलवल्यावर बल्ब विझतो, तिथेच दोष असतो. दाराच्या आणि डिकीच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीपासून सुरुवात करा, कारण सतत वाकून वायर तिथेच सोलली जाते. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरांना आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबलना मात्र घरी हात लावू नका.