भाजी नवी असेल तर मसाला जुना ठेवा

इथे रोज काय शिजवायचं, हा तुमचा प्रश्न वाचला आणि नऊ वर्षांपूर्वीचा आमचा पहिला ऑक्टोबर आठवला. ऑगस्टमध्ये जर्मनीत श्टुटगार्टला आलात, दोघंही साडेसहाला घरी पोचता, आठवड्यातून तीनदा खिचडी आणि दोनदा फ्रोझन पिझ्झा होतो. भारतीय दुकानातली भेंडी-गवार परवडत नाही, इथल्या मंडईतल्या भाज्यांची ओळख नाही, आणि दोघांच्या चवी जुळत नाहीत.

शेवटच्या मुद्द्याचं आधी सांगतो. चवी जुळत नसतातच. मी जळगावचा, बायको रत्नागिरीची. मला शेंगदाणे, लसूण आणि काळा मसाला लागतो, तिला ओलं खोबरं आणि आमसूल. आमटीत गूळ घालायचा की नाही यावर आमचा अजून तह झालेला नाही. सध्या गुळाआधी माझी वाटी बाजूला काढतो, एवढीच प्रगती.

पहिल्या वर्षी आम्ही फार उत्साहाने प्रयोग केले. बटरनट भोपळा पहिल्यांदाच आणला आणि त्याच दिवशी थाई लाल पेस्टही पहिल्यांदाच उघडली. जे झालं ते दोघांनी मुकाट्याने खाल्लं. भोपळा गोड होता की पेस्ट कच्ची राहिली की नारळाचं दूध जास्त झालं, काही पत्ता लागला नाही. तेव्हापासून घरात एक नियम आहे: भाजी नवी असेल तर मसाला जुना, मसाला नवा असेल तर भाजी जुनी. नियम पाळूनही फसतं, नाही असं नाही. फेनखेल नावाचा पांढरा, कांद्यासारखा दिसणारा गड्डा मिळतो, त्याची मी गोडा मसाला घालून रस्साभाजी केली. बडीशेपेच्या वासात गोडा मसाला मिसळल्यावर खोकल्याच्या औषधाचा रस्सा तयार होतो. पण निदान गुन्हेगार कोण ते लगेच कळलं. आता तो कच्चाच, कागदासारखा पातळ चिरून, लिंबू आणि दाण्याचं कूट घालून कोशिंबिरीत जातो. तिथे तो शोभतो.

आता कामाचं. सुरुवात होक्काइदो भोपळ्यापासून करा. बाजारात नारिंगी रंगाचे, किलो-दीड किलोचे, एका हातात मावतील असे दिसतात ते. याची साल काढावी लागत नाही, शिजल्यावर मऊ पडते. बटरनटची मात्र काढायची. घेताना देठ वाळून बुचासारखा झालाय का बघा आणि बोटाने ठोकून बघा, पोकळ आवाज आला पाहिजे. रविवारी इथे दुकानं बंदच असतात, तेव्हा आम्ही त्या दिवशी दोन भोपळे अर्धे करून, बिया काढून, तेलाचा हात लावून २०० अंशांवर पाऊण तास ओव्हनमध्ये टाकतो. सोमवारी त्यातल्या एकाचं भरीत होतं: गर चमच्याने मोडायचा, दही, मीठ, चिमूटभर साखर, वरून मोहरी-हिंग-हिरव्या मिरचीची फोडणी. दह्यासाठी साध्या ३.५ टक्के फॅटच्या योगर्टमध्ये थोडं १० टक्क्यांचं ग्रीक मिसळा. नुसतं साधं घातलं तर भरीत पातळ होतं. दुसरा भोपळा बुधवारपर्यंत फ्रीजमध्ये राहतो आणि थालीपिठात जातो. भाजणीत तो गर, कांदा, तिखट, ओवा घालून मळायचं. पाण्याची जवळजवळ गरज पडत नाही, तरी आपल्या लाल भोपळ्याच्या मानाने हा कोरडा असतो, त्यामुळे पीठ घट्ट वाटलं तर एक पळी पाणी घाला. घारग्यांनाही हेच लागू: आपल्याकडे किसाला सुटलेल्या पाण्यात गूळ विरघळतो, इथे दोन चमचे दूध घालावं लागतं.

एक सावधगिरीची गोष्ट. कोणी शेजारी प्रेमाने परसातला भोपळा किंवा झुकिनी देईल, किंवा तुम्हाला ते दारात मांडायचे शोभेचे चिमुकले भोपळे शिजवून बघावेसे वाटतील. शोभेचे खाऊ नका. घरच्या बागेतल्याचा कच्चा तुकडा आधी जिभेवर ठेवून बघा, कडू लागला तर थुंकून टाका आणि सगळा फेका. कुकुर्बिटासिन नावाचं विष असतं ते, शिजवून जात नाही. दुधी चिरताना आई चाखून बघायची, त्यामागे हेच होतं. बाकी भोपळ्याचे किती प्रकार असतात ते पाहायचं असेल तर एखाद्या शनिवारी लुडविग्सबुर्गच्या राजवाड्याच्या बागेत जा. दर शरदात तिथे भोपळ्यांचं प्रदर्शन भरतं.

आता आमचा सगळ्यात यशस्वी प्रयोग. इथल्या श्वाबन लोकांचा आवडता पदार्थ म्हणजे मसूर आणि श्पेट्सले. श्पेट्सले म्हणजे अंडं घातलेल्या सैल पिठाचे उकडलेले छोटे तुकडे. ते लोक डाळीत व्हिनेगर घालतात आणि शेजारी सॉसेज ठेवतात. ऑफिसच्या कँटीनमध्ये मी ते पहिल्यांदा पाहिलं आणि घरी येऊन म्हटलं, "अगं, हे लोक वरणफळं खातात!" ती म्हणाली, "मग फोडणी विसरलेत." त्याच आठवड्यात आम्ही ती दिली.

करायला अर्धा तास पुरतो. मसूर कुकरला लावा. श्टुटगार्टजवळच्या आल्ब पठारावरचे बारीक मसूर मिळाले तर तेच घ्या, महाग आहेत पण अख्खे राहतात आणि चवीला खमंग लागतात. ही मसुरांची जुनी वाणं इथल्या शेतांतून नाहीशी झाली होती. २००६ साली सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बियाण्यांच्या संग्रहात ती सापडली आणि तिथून परत आल्बवर आली. मला ही गोष्ट फार आवडते, पाहुणे आले की मी ती सांगतोच आणि बायको तोवर ताटं घेते. तर, तेलात मोहरी, हिंग, ठेचलेला भरपूर लसूण, सुकी मिरची, मग काळा मसाला, नसेल तर गोडा. शिजलेले मसूर, दोन वाट्या गरम पाणी, आमसुलं चार. चांगलं उकळलं की फ्रीजच्या कपाटात मिळणारे ताजे श्पेट्सले टाका आणि तीन-चार मिनिटांत गॅस बंद. जास्त वेळ ठेवले तर सगळा रस पितात आणि लापशी होते. वरून तूप, कोथिंबीर. अंडं खात नसाल तर नेहमीसारखी पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापा, पण मग अर्ध्या तासात होणार नाही.

कोबीसाठी टोकदार श्पिट्सकोल घ्या. तुमच्या शहराच्या दक्षिणेला फिल्डर पठार आहे, तिथला टोकदार कोबी प्रसिद्ध आहे. तो पांढऱ्या गोल कोबीपेक्षा कोवळा असतो. सकाळी जाताना हरभऱ्याची डाळ भिजत टाकली तर संध्याकाळी पंधरा मिनिटांत भाजी. नवलकोल इथे कोलराबी म्हणून मिळतो, तो तर आपलाच.

फळांकडे मात्र लक्ष द्या, कारण चैत्राची हौस इथे शरदात भागते. त्स्वेचगन म्हणजे लांबट निळे आलुबुखार. ऑक्टोबर सरायच्या आत किलोभर आणून, बिया काढून, मोहरी-मेथीच्या फोडणीत गूळ-तिखट घालून मेथांबा करा. शिजायला दहा मिनिटं, फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतो. आणि बोस्कोप नावाचं खडबडीत सालीचं आंबट सफरचंद मिळतं. ते किसून, भिजवलेली वाटलेली डाळ, ओलं खोबरं, अर्धं लिंबू घालून बायको आंबेडाळ करते. मी विरोध केला होता. सफरचंदाची कसली आंबेडाळ! आता किसून मीच देतो. तिचा क्वार्कच्या (चक्क्यासारखं इथलं ताजं मऊ चीज) श्रीखंडाचा प्रयोगही करून बघा, पण मागेरक्वार्क म्हणजे बिनसायीचा घेऊ नका, रवाळ आणि कोरडं होतं. ४० टक्केवाला घ्या. (तो आकडा पाणी सोडून उरणाऱ्या भागातल्या फॅटचा असतो, घाबरू नका.)

खानदेशी भरताचं तुम्ही विचारलंत म्हणून माझं दुखणं सांगतो. आमच्याकडची हिरवी-पांढरी मोठी भरताची वांगी, तुराट्यांवर भाजलेली आणि लाकडी बडगीत कुटलेली, इथे विसरा. इथलं काळं जाड वांगं पाणचट आणि गोडसर असतं. तरी चालवून घेता येतं: ओव्हनच्या वरच्या ग्रिलखाली अर्धा तास, मध्ये एकदा उलटायचं, मग चाळणीत दहा मिनिटं निथळू द्यायचं. हे निथळणं टाळू नका. आणि आधी सुरीने चार ठिकाणी टोचा. मी एकदा विसरलो, वांगं आत फुटलं आणि पुढचा शनिवार ओव्हनच्या भिंती घासण्यात गेला. भाजलेल्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, दाणे, भरपूर तेल. मिरच्या भाजताना खिडकी सताड उघडा, धुराचा अलार्म वाजला की वरच्या मजल्यावरचे काका धावत येतात.

पोळ्यांसाठी भारतीय दुकानातला आटा संपला तर १०५० नंबरचं गव्हाचं पीठ चालतं. नंबर म्हणजे शंभर ग्रॅम पिठातली खनिजं, मिलिग्रॅममध्ये. ४०५ म्हणजे जवळपास मैदाच.

अळूच्या फतफत्याची आठवण तुम्हाला नोव्हेंबरात येईल, जेव्हा ऑक्टोबरअखेर घड्याळं मागे गेलेली असतात आणि पाचलाच अंधार होतो. त्यासाठी मांगोल्ड (पालकासारखी, जाड देठांची पालेभाजी) घ्या: पानं आणि देठं दोन्ही, डाळ, दाणे, चिंच, थोडं बेसन. आणि गूळ. या एका भाजीत मीसुद्धा गूळ मान्य केलाय. ग्र्युनकोल नावाची कुरळी पालेभाजी दिसेल, तिला घाई करू नका. थंडी कडक पडली की तिच्यात गोडवा उतरतो, आणि शिजायलाही ती तासभर घेते. ती शनिवारची भाजी आहे, बुधवारची नाही.