कंसातला ‘सिक’

प्रश्न : अवतरणात एखादा चुकीचा शब्द असला की त्यापुढे कंसात ‘सिक’ छापलेले दिसते. हा कुठल्या इंग्रजी शब्दांचा संक्षेप आहे का? – एक वाचक

उत्तर : नाही, संक्षेप नाही. त्याची इंग्रजी विस्ताररूपे लोक सांगतात, पण ती सगळी मागाहून जुळवलेली आहेत. ‘सिक’ हा अख्खा लॅटिन शब्द आहे, क्रियाविशेषण. अर्थ : असे, अशा रीतीने; म्हणजे मुळात असेच आहे. मूळ लॅटिन उच्चार दीर्घ, ‘सीक’. ‘सी’ म्हणजे ‘असे’ आणि त्याला चिकटलेला ‘के’ हा बोट दाखवणारा प्रत्यय. तोच ‘हिक’ (हा) आणि ‘नुंक’ (आता) यांच्या शेवटीही आहे.

मला याची ओळख मुद्रितशोधनाच्या पहिल्याच वर्षी झाली. एका जुन्या रोजनिशीच्या प्रुफात ‘पाउस’ आले आणि मी मोठ्या उत्साहाने ‘पाऊस’ केले. ज्येष्ठ संपादकांनी ती दुरुस्ती खोडली, शेजारी ‘[असेच]’ लिहिले आणि म्हणाले, “अहो, लिहिणारा गेला, आता त्याचा उकार तरी त्याला राहू द्या.” ते मला आजही पटते. म्हणूनच दुसऱ्याची चूक चव्हाट्यावर आणायला कोणी ‘सिक’ वापरतो तेव्हा वाईट वाटते. चूक साधी असेल आणि अर्थ बदलत नसेल, तर ‘सिक’ गाळावा हे बरे.

लॅटिनमध्ये ‘हो’साठी एकच ठरलेला शब्द नव्हता. आपण “आलास का?”ला नुसते “आलो” म्हणतो, तसे क्रियापदच परत म्हणत, नाहीतर ‘इता’, ‘सिक’, म्हणजे ‘तसेच’. त्या ‘सिक’चा इटालियन आणि स्पॅनिशमध्ये ‘सी’ झाला : हो! मध्ययुगीन इटालियन कवी दान्तेने तर भाषांची विभागणीच त्यांच्या ‘हो’वरून केली : ‘ऑक’वाले, ‘ऑइल’वाले आणि ‘सी’वाले. यातला ‘सी’ इटालियनांचा. रुमानियनमध्ये तोच शब्द ‘शी’ होऊन ‘आणि’ या अर्थाने नांदतो. फ्रेंचचा ‘सी’ मला सगळ्यांत आवडतो. नकारार्थी प्रश्न खोडायलाच तो येतो. “तू जेवला नाहीस?” “सी!” आपल्याकडे इथे “जेवलो की!” असे म्हणतील, त्या ‘की’चेच काम हा ‘सी’ करतो.

मराठी मजकुरात मी स्वतः ‘असेच’ लिहितो, तेही चौकोनी कंसात. गोल कंस मूळ लेखकाचाही असू शकतो.