वाचकांचे प्रश्न : युटाच्या दरीतली बंद खाण

प्रश्न : अमेरिकेत मुलाकडे गेलो असताना युटा राज्यातल्या वाळवंटी दऱ्यांमध्ये, लाल कड्याच्या पोटात, एका बंद खाणीचे तोंड पाहिले. पाटीवर युरेनियम आणि व्हॅनेडियम अशी दोन्ही नावे होती. तोंडाला लोखंडी गज लावलेले होते, खाली उतारावर करड्या दगडांचा ढीग पडला होता आणि त्यातल्या काही दगडांवर हळद फासल्यासारखा पिवळा थर होता. एकाच खाणीत दोन धातू कसे? आणि तिथे थोडा वेळ उभे राहिल्याने काही अपाय संभवतो का?

उत्तर : आपण पाहिलेला पिवळा थर बहुधा कार्नोटाइटचा असावा. पोटॅशियम, युरेनियम आणि व्हॅनेडियम या तिघांचे मिळून झालेले हे खनिज आहे. जुरासिक काळात या कोलोराडो पठारावरून नद्या वाहत होत्या आणि त्यांच्या वाळूत झाडांचे ओंडके व पालापाचोळा गाडला गेला. पुढे भूजलात विरघळून आलेले युरेनियम आणि व्हॅनेडियम त्या कुजक्या वनस्पतींपाशी पोहोचले, की तिथल्या ऑक्सिजनविरहित परिस्थितीत त्यांची विद्राव्यता संपे आणि ते वाळूच्या कणांमध्ये साचून राहत. नंतर हवा आणि पाणी लागून त्यांचे पिवळे खनिज झाले. त्यामुळे खाणकामगार एखाद्या अश्मीभूत ओंडक्याचा माग काढत खडकात शिरत आणि बोगदे सरळ न जाता जुन्या नदीच्या पात्राप्रमाणे वळत जात.

खरी गंमत पुढेच आहे. दगड तोच राहिला, पण त्यातला माल कोणता आणि टाकाऊ कोणता हे दर पिढीला बदलत गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी तो रेडियमसाठी खणला गेला. एक ग्रॅम रेडियम मिळवायला शेकडो टन खनिज लागे. 1921 मध्ये अमेरिकेने मेरी क्यूरींना भेट दिलेले एक ग्रॅम रेडियम याच पठारावरच्या कार्नोटाइटपासून काढले होते. त्यानंतर बेल्जियन काँगोमधले कितीतरी समृद्ध खनिज बाजारात आले आणि इथला रेडियमचा धंदा बसला. 1930च्या दशकात पोलाद कणखर करणाऱ्या व्हॅनेडियमला मागणी आली. त्यासाठी कोलोराडोत उरावन हे गाव 1936 मध्ये वसले आणि युरेनियम मात्र खनिज दळून धातू काढणाऱ्या गिरणीच्या उरलेल्या गाळाबरोबर फेकले जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबच्या गुप्त प्रकल्पाने त्याच टाकाऊ गाळातून युरेनियम काढून घेतले. युद्धानंतर अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने युरेनियमच्या खनिजाला हमीभाव जाहीर केला, तेव्हा जीप आणि किरणोत्सार टिपणारे गायगर गणकयंत्र घेऊन माणसे दऱ्याखोऱ्यांत घुसली. आपण पाहिलेल्यासारखी कित्येक लहान खाणींची तोंडे त्या काळातली आहेत. उरावन गाव आज जागेवर नाही. किरणोत्सारी कचरा हलवताना घरेदारे पाडून तीही गाडून टाकावी लागली.

आता अपायाविषयी. उघड्यावर काही मिनिटे उभे राहिल्याने आपल्याला काळजी करण्याजोगे काही झालेले नसणार. दगडांपेक्षा आतली हवा अधिक धोक्याची असते. युरेनियमचे अणू आपोआप फुटत एकामागून एक दुसऱ्या मूलद्रव्यांत बदलतात; या क्षयमालिकेत रेडियम येते आणि रेडियमपासून रेडॉन हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटून जायला लागणारा काळ, जेमतेम 3.8 दिवसांचे असते, पण त्यापासून निपजणारे पोलोनियमसारखे घन अणू धुळीला चिकटून फुप्फुसात बसतात आणि तिथेच पेशींना इजा करणारे अल्फा कण सोडतात. बंद बोगद्यात हा वायू साठतो. उन्हाळ्यात खालच्या तोंडातून गार वाऱ्याची झुळूक येत असते, तीत तो असू शकतो. तेव्हा सावलीचा आणि गारव्याचा मोह धरून तिथे डबा उघडून बसू नये. पिवळा दगड आठवण म्हणून खिशात घालणेही टाळावे. भिंत न बांधता गज लावतात, याचे कारण बहुतेक वेळा आतली वटवाघळे असतात. त्यांना ये-जा करता यावी, पण माणसाला शिरता येऊ नये, एवढेच अंतर गजांमध्ये ठेवलेले असते.

प्रश्न : मग आत काम करणाऱ्यांचे काय झाले?

उत्तर : युरोपातल्या अशाच खाणींमध्ये फुप्फुसाचा कर्करोग बळावतो, हे दुसऱ्या महायुद्धापूर्वीच ठाऊक होते. तरीही या पठारावरच्या अनेक लहान खाणींत वायुवीजन जवळजवळ नव्हते. सुरुंग उडाल्यावर धूर निवळायच्या आत माणसे परत आत जात आणि तहान लागली की खडकातून झिरपणारे पाणी पीत. सरकारच्या आरोग्य सेवेने 1950 पासून कामगारांची तपासणी सुरू केली. मात्र धोका किती, हे त्यांना उघडपणे सांगितले गेले नाही, आणि या सगळ्या प्रकरणातली सर्वांत अक्षम्य गोष्ट मला हीच वाटते. रेडॉनवर देशव्यापी मर्यादा घालायला 1960च्या दशकाचा शेवट उजाडला. कामगारांमध्ये नवाहो या तिथल्या मूळ रहिवासी जमातीचे लोक मोठ्या संख्येने होते आणि त्यांच्या वस्त्यांमध्ये खाणीतला दगड घरांच्या बांधकामातही वापरला गेला. भरपाईचा कायदा 1990 मध्ये झाला, ज्यात पात्र खाणकामगाराला किंवा त्याच्या वारसांना 1,00,000 डॉलर देण्याची तरतूद होती. नवाहो नेशनने, म्हणजे या जमातीच्या स्वायत्त शासनाने, 2005 मध्ये आपल्या भूमीवर युरेनियमच्या खाणकामाला बंदी घातली. तिथल्या 500हून अधिक सोडून दिलेल्या खाणींची सफाई अजून रेंगाळलेली आहे.

प्रश्न : अशा खाणी पुन्हा सुरू होतील का?

उत्तर : काही होतील, असे दिसते. युटामधल्या एका जुन्या युरेनियम-व्हॅनेडियम खाणीला मे 2025 मध्ये केंद्र सरकारने दोन आठवड्यांच्या आत उरकलेल्या पर्यावरणीय तपासणीनंतर परवानगी दिली. ही घाई मला पटलेली नाही, कारण गिरणीत युरेनियम काढून घेतल्यावरही खनिजातली सुमारे 85 टक्के किरणोत्सारिता गाळात उरते. युटातल्या मोआब गावाजवळ कोलोराडो नदीच्या काठावर असा 1.6 कोटी टन गाळ पडून होता आणि तो रेल्वेने सुमारे 48 किलोमीटर दूर नेऊन पुरण्याचे काम 2009 मध्ये सुरू करावे लागले.