थ्रॉटल आवळला, तरी सिलिंडरचा वेग का बदलत नाही?

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमधील हायड्रॉलिक प्रेसवर मिनिटाला ४० लिटर तेल देणारा गिअर पंप असून रिलीफ व्हॉल्व्ह (दाब ठरलेल्या मर्यादेला पोहोचला की जास्तीचे तेल टाकीत सोडणारा) १६० बार दाबाला लावलेला आहे. सिलिंडरकडे जाणाऱ्या लाइनवरील साधा थ्रॉटल व्हॉल्व्ह (तेलाची वाट अरुंद करणारा) बराच आवळेपर्यंत वेगात काहीच फरक पडत नाही, नंतर मात्र तो झपाट्याने उतरतो. सिलिंडर चालताना थ्रॉटलच्या अलीकडील व पलीकडील गेजमध्ये मोठा फरक दिसतो, पण सिलिंडर जॉबवर (दाबायच्या वस्तूवर) टेकून थांबला की दोन्ही काटे सारखे होतात. व्हॉल्व्ह खराब झाला आहे का?
— एक वाचक, चाकण

उत्तर : नाही, व्हॉल्व्ह बदलण्याची घाई करू नका, तुम्ही सांगितलेली दोन्ही लक्षणे निरोगी व्हॉल्व्हचीच आहेत. दाबातील घट ही व्हॉल्व्हमध्ये कायमची बसलेली गोष्ट नसून तेल वाहते तेव्हाच ती निर्माण होते. सिलिंडर थांबला की थ्रॉटलमधून तेल जात नाही, म्हणून दोन्ही गेज १६० बार दाखवतात आणि पंपाचे सर्व तेल रिलीफवरून टाकीत परतते.

आता वेगाकडे वळू. कामाचा भार पेलण्यासाठी सिलिंडरला ६० बार लागतात असे धरा. गिअर पंप दर फेऱ्याला ठरावीक तेल पुढे ढकलतोच, त्यामुळे तुम्ही वाट अरुंद केली तरी तेल कमी होत नाही, फक्त ते ढकलण्यासाठी पंपाजवळचा दाब वाढतो. तो १०० बार झाला, म्हणजे थ्रॉटलवर ४० बार खर्ची पडले, तरी सिलिंडरला पूर्ण ४० लिटरच मिळत राहतात. पंपाकडील दाब १६० बारला पोहोचून रिलीफ उघडू लागला, की मगच जास्तीचे तेल दुसऱ्या वाटेने जाते आणि वेग उतरतो.

येथून पुढे थ्रॉटलमधील प्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चालतो, आणि कॅटलॉग वाचताना नेमके हेच विसरले जाते. एखाद्या व्हॉल्व्हची क्षमता १० बार फरकाला ४० लिटर लिहिली असेल, तर ८० लिटरसाठी फरक २० नव्हे, ४० बार लागेल. तुमच्या प्रेसवर रिलीफ उघडलेला आणि भार ६० बार असताना थ्रॉटलला १६० पैकी उरलेले १०० बार मिळतात. भार १३५ बारवर गेला की उरतात अवघे २५, म्हणजे फरक चौथाई होतो आणि चाकीला हातही न लावता वेग निम्मा होतो. भार बदलत असेल तर साध्या थ्रॉटलकडून स्थिर वेगाची अपेक्षा करणे त्याच्यावर अन्याय आहे.

तेलाची उष्णता हा यातील गंभीर भाग आहे आणि तिचा हिशेब करायलाच हवा. लिटर प्रति मिनिट गुणिले बार, भागिले ६०० केले की किलोवॅट मिळतात. सिलिंडरकडे २० लिटर जात असतील, तर ६० बारच्या भारावर उपयोगी काम फक्त २ किलोवॅटचे होते. थ्रॉटलमध्ये सुमारे ३.३ आणि रिलीफवर सुमारे ५.३ किलोवॅट तेल तापवण्यात जातात. टाकी गरम होते ती यामुळे.

स्थिर वेग हवा असेल तर प्रेशर कॉम्पेन्सेटेड फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह बसवा. त्यातील स्पूल (सरकती दांडी) व स्प्रिंग मीटरिंगच्या, म्हणजे प्रवाह ठरवणाऱ्या, छिद्रावरील दाबफरक साधारण ५ ते १० बारवर राखतात, मग भार हलला तरी प्रवाह फारसा हलत नाही. मात्र दोन पोर्टचा (तेलाच्या दोन तोंडांचा) प्रकार घेतल्यास जास्तीचे तेल १६० बारच्या रिलीफवरूनच जाईल. तुमच्या प्रेसवर या पंपातून एका वेळी एकच सिलिंडर चालत असेल, तर मी तीन पोर्टचा सुचवेन, कारण तो जास्तीचे तेल भाराच्या दाबापेक्षा थोड्याच वरच्या दाबाने टाकीत सोडतो आणि ६० बारच्या भारावर पंपाला साधारण ७० बारच ओढावे लागतात. खरेदीपूर्वी तेल चालू तापमानाला आणून, सिलिंडर भारासह चालत असताना दोन्ही गेजचे आकडे टिपून घ्या. थंड तेलावर किंवा थांबलेल्या सिलिंडरवर घेतलेले आकडे निवडीसाठी उपयोगाचे नाहीत.