कोल्हापुरात कॅन्सरच्या टिश्यूवर पीएचडी करतोय, पण आमच्या कॉलेजात कॉन्फोकल मायक्रोस्कोप (लेझरने टिश्यूचे बारीक थर स्पष्ट दाखवणारा) नाही. काय करू?

विकत घ्यायची गरजच नाही. आधी शिवाजी विद्यापीठाच्या सैफ-सीएफसी या सामायिक उपकरण केंद्रात चौकशी करा. तिथे जमलं नाही तर आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर देशभरातली यंत्रं शोधता येतात. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं केंद्र) तर कॅन्सरवरच्या उपचार आणि संशोधनासाठीच आहे.

पण खरी गोम नमुन्यात आहे. टिश्यू काढल्या काढल्या त्याच्या आकारमानाच्या दहापट तरी न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये (टिश्यू टिकवणारं द्रावण) टाका आणि ६ ते ७२ तासांत पुढच्या प्रोसेसिंगला घ्या. नमुना त्यात फार दिवस पडून राहिला की अँटिजेन (आपण शोधतो ती प्रथिनं) झाकले जातात, आणि ती दाखवण्यासाठी वापरायची अँटिबॉडी नीट चिकटत नाही. मग मायक्रोस्कोप कितीही भारी असो, स्लाइड फिकीच दिसणार. सेक्शन (टिश्यूचे पातळ काप) ४ मायक्रॉनचे घ्या, तेही चार्ज्ड स्लाइडवर (काप घट्ट धरणारी काच), नाहीतर रिट्रीव्हलच्या, म्हणजे झाकलेले अँटिजेन पुन्हा उघडण्याच्या, गरम बफरमध्ये ते सुटून येतात. आणि हो, एथिक्स कमिटीची परवानगी नमुना घेण्याआधीच हातात हवी, नंतर मिळवता येत नाही.