दीपस्तंभाचे दगड का सोलवटतात?

प्रश्न : खाडीकाठच्या जुन्या दगडी दीपस्तंभाच्या सांध्यांत सिमेंट भरले, तरी दगडांचे पापुद्रे निघतातच. असे का? – एक वाचक, मुंबई

उत्तर : ‘तरी’ नव्हे, त्यामुळेच! सिमेंट ओल अडवते. मग ती दगडातून सुकते, आतल्या मिठाचे स्फटिक होतात आणि दगड फुटतो. मुंबईजवळचे खांदेरी (१८६७), प्रॉन्ग्ज (१८७५) या दीपस्तंभांच्या काळातले बांधकाम बहुधा चुन्यातले. सिमेंट छिन्नीनेच काढा. ग्राइंडर दगडाच्या कडा खातो. सांधा रुंदीच्या दुप्पट खोल उकरून गोड्या पाण्याने धुवा. मग त्यात हे मिश्रण भरा : हायड्रॉलिक (पाण्यातही घट्ट होणारा) चुना १ भाग, धुतलेली वाळू ३ भाग. खाडीची वाळू अजिबात नको, स्वस्त पडली तरी! आठवडाभर ओले गोणपाट लावा. काम पावसाळ्यानंतरच काढा.