लॅपटॉपचे वाय-फाय मध्येच तुटत असेल तर

सेटिंग्जमध्ये हात घालण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे, हे ठरवा. त्याच जागी मोबाइल नीट चालत असेल, तर दोष बहुधा लॅपटॉपचा आहे. याहून खात्रीशीर मार्ग म्हणजे कमांड प्रॉम्प्टमधून (विंडोजमधील आज्ञा टाइप करण्याची खिडकी) राउटरच्या पत्त्यावर, जो अनेक घरी १९२.१६८.१.१ असतो, सतत पिंग, म्हणजे उत्तर येते का हे पाहणारे छोटे संदेश, चालू ठेवणे. तेथूनच उत्तरे गळत असतील, तर इंटरनेट कंपनीला फोन करून उपयोग नाही.

माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळा दोषी ठरते ती वीजबचत. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय अडॅप्टरच्या (लॅपटॉपमधील वाय-फायचा भाग) प्रॉपर्टीजमधील पॉवर मॅनेजमेंट उघडा आणि वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची मुभा देणारी खूण काढून टाका. काही नव्या लॅपटॉपवर हा विभाग दिसतच नाही. तेव्हा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर, म्हणजे अडॅप्टर चालवणारे सॉफ्टवेअर, घ्या, इतरत्र मिळणारे ‘ड्रायव्हर अपडेटर’ मात्र टाळा.

वाय-फायच्या दोन नेहमीच्या वारंवारता पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंती बऱ्यापैकी ओलांडतात, पण त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल (पट्ट्याचे उपविभाग) साधारणपणे १, ६ आणि ११ असे तीनच असल्यामुळे दाटीवाटीच्या इमारतीत तेथे कायम गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झ तुलनेने मोकळा असतो, मात्र भिंतींपलीकडे लवकर क्षीण होतो. राउटर त्याच खोलीत असेल, तर ५ गिगाहर्ट्झच निवडा. सहसा कोणाच्या ध्यानात न येणारी गोष्ट म्हणजे यूएसबी ३.० ची बाह्य हार्ड डिस्क: तिचा विद्युत गोंगाट २.४ च्याच पट्ट्यात पडतो, म्हणून ती काढून एकदा पाहा.